खडा, बोट आणि पाटी

प्राथमिक शिक्षकांच्या प्रशिक्षण वर्गात अलीकडे 'कृतियुक्त गणित' हा शब्द वारंवार ऐकू येतो. मण्यांची माळ, काड्यांचे गठ्ठे, चिंचोके, अंगणात आखलेल्या आकड्यांवरून उड्या मारणे, खोट्या नाण्यांचे दुकान अशा खेळांतून लहान मुलांना मोजायला शिकवावे, असे तिथे सांगितले जाते. २०२१ मध्ये केंद्र सरकारने 'निपुण भारत' मोहीम सुरू केल्यापासून या गोष्टीला सरकारी शिक्काही मिळाला आहे. पद्धत चांगली आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. मी स्वतः तीस वर्षांहून अधिक काळ पहिली-दुसरीच्या वर्गावर घालवली आहेत. परंतु ही पद्धत जणू काल-परवा परदेशातून उतरली, असा जो सूर लावला जातो तो मात्र तपासून घ्यायला हवा. कारण मोजण्याच्या शिक्षणाला आपल्याकडे एक इतिहास आहे आणि तो आपल्या बाजूने अजून नीट लिहिला गेलेला नाही.

मूल मोजते म्हणजे काय करते? ते वस्तूला हात लावते, ती बाजूला सरकवते आणि प्रत्येक वस्तूगणिक एक शब्द उच्चारते. शेवटी उच्चारलेला शब्द हीच सगळ्या ढिगाची संख्या, हे एके दिवशी त्याच्या ध्यानात येते. त्या दिवशी ते मोजायला शिकले असे म्हणावे. शंभरपर्यंत अंक घडाघडा म्हणणारे मूल समोरचे सात खडे चुकीचे मोजते, हा अनुभव प्रत्येक शिक्षकाला असतो. म्हणणे आणि मोजणे या दोन वेगळ्या गोष्टी होत. मोजणे स्पर्शातून येते. मग ज्या समाजात स्पर्श हाच गुन्हा ठरवला गेला होता, त्या समाजात मोजणे कोणाला आणि कसे शिकवले गेले, हा प्रश्न टाळता येत नाही.

इंग्रजी अमलाच्या आधीपासून गावोगाव पंतोजींच्या शाळा होत्या. कोणाच्या तरी ओसरीवर किंवा देवळात त्या भरत. लाकडी फळीवर बारीक धूळ पसरायची आणि त्यावर बोटाने किंवा काडीने अक्षरे-अंक गिरवायचे. तिला धूळपाटी म्हणत. अंक झाले की पाढे. एकापासून तीसपर्यंतचे पाढे आणि त्यांच्या पाठोपाठ पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. संध्याकाळी सगळी पोरे एका सुरात उजळणी म्हणत. साडेतीनाचा पाढा सात-आठ वर्षांच्या पोराला कशासाठी हवा, असे आज कोणी विचारील. उत्तर सोपे आहे. त्या शाळेतून कुलकर्णी, कारकून, दुकानदार आणि सावकार तयार व्हायचे होते. व्याज, सारा, मापे, तोळे-मासे हेच त्यांचे पुढचे आयुष्य होते. गणित पाठांतराचे असले तरी अडाणीपणाचे नव्हते. ते सत्तेचे गणित होते.

इथे एक गंमत नोंदवून ठेवतो. मद्रासला लष्करी अनाथाश्रमाचा अधीक्षक असलेल्या अँड्र्यू बेल नावाच्या पाद्र्याने १७८९ नंतरच्या काळात मलबारी मुलांना वाळूत बोटाने लिहिताना पाहिले. तीच रीत त्याने आपल्या शाळेत आणली आणि १७९७ मध्ये लंडनला पुस्तक काढून तिची माहिती दिली. पुढे इंग्लंडमधल्या गरिबांच्या शाळांतून पोरे वाळूच्या ताटात बोटे फिरवू लागली. म्हणजे बोटाने शिकण्याची रीत इथून तिकडे गेली. तिकडच्या गिरणी कामगाराच्या पोराचे बोट त्या वाळूपर्यंत पोचले. इकडे गावकुसाबाहेरच्या पोराचे बोट मात्र पंतोजींच्या धूळपाटीपर्यंत पोचू शकत नव्हते. धूळ गावातलीच होती, आणि त्याच धुळीत त्याचे सारे आयुष्य जात होते.

म्हणून आपल्या वस्तीत मोजणे नव्हते, असे समजण्याचे कारण नाही. कष्टाचे कोणतेही काम मोजल्याशिवाय होत नाही. ज्वारीच्या काढणीत पाच पेंढ्यांचा पाचुंदा बांधला जातो आणि कडबा पाचुंद्यांवर मोजत शेकड्यापर्यंत नेला जातो. खळ्यावर धान्य मोजताना पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. मग दोन, तीन. दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली हे कोष्टक आमच्या आयांनी पुस्तकात पाहिलेले नव्हते. ते त्यांच्या मनगटात होते. आजी म्हाताऱ्या विसांनी मोजत. पंचेचाळीस म्हणायचे झाले तर 'दोन विसा नि पाच'. उसन्या पायल्यांचा हिशेब दाराच्या चौकटीवर कोळशाच्या रेघांनी किंवा सुतळीच्या गाठींनी ठेवला जाई. गावकामगार महार गावचा सारा कचेरीत पोचवत असे आणि शिवेचा वाद निघाला की त्याची साक्ष काढली जाई. ज्याच्या डोक्यावरून गावाचा पैसा वाहून नेला जाई, त्याला त्या पैशाचा कागद वाचता येऊ नये, अशी ही व्यवस्था होती.

खरी मेख इथेच आहे. चौकटीवरची कोळशाची रेघ पुरावा म्हणून कोणी मानत नव्हते. पुरावा म्हणजे कुलकर्ण्याचे दप्तर आणि सावकाराची वही. हाताने मोजणाऱ्याचे मोजणे बरोबर असूनही खोटे ठरत होते, आणि लेखणीने मोजणाऱ्याचे चुकीचे असूनही खरे. जोतीराव फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' मध्ये भटकामगारांच्या कागदी करामतींवर जो संताप ओतला आहे, त्याच्या मुळाशी ही गोष्ट आहे.

इंग्रजी राज्यात सरकारी शाळा निघाल्या. त्या सर्वांसाठी आहेत, असे कागदोपत्री म्हटले गेले. जून १८५६ मध्ये मुंबई इलाख्यातल्या धारवाड इथे एका महार मुलाने सरकारी शाळेत प्रवेश मागितला आणि तो नाकारला गेला. त्याने सरकारकडे दाद मागितली. न्याय मुलाच्या बाजूने आहे, हे सरकारने आपल्या ठरावात मान्य केले. पण एकट्यासाठी शाळेचे दार उघडले तर बाकीची मुले शाळा सोडतील, म्हणून काही करता येत नाही असेही त्याच ठरावात म्हटले. हिशेबाच्या भाषेत सांगायचे तर सरकारने एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला अनेक असे मोजले आणि एकाला वजा केले. त्या मुलाचे नाव आपल्या पाठ्यपुस्तकात यायला हवे होते. साधा उल्लेखही येत नाही.

याच्या आधीच पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंनी महार-मांगांच्या मुलामुलींसाठी शाळा काढल्या होत्या. त्या शाळांत शिकलेल्या मुक्ता नावाच्या मांग मुलीचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय' मध्ये छापून आला. त्याचा उल्लेख आपण नेहमी करतो आणि तो करायलाच हवा. परंतु जोतीरावांनी १९ ऑक्टोबर १८८२ रोजी हंटर शिक्षण आयोगापुढे जे निवेदन ठेवले, ते शिक्षकाच्या नजरेने फारसे वाचले जात नाही. प्राथमिक शाळेत काय शिकवावे हे सांगताना त्यांनी मोडी आणि बालबोध लिहिण्या-वाचण्याच्या बरोबरीने हिशेब धरला आहे. शिवाय इतिहास, भूगोल, व्याकरण, शेतीचे प्राथमिक ज्ञान, नीती आणि आरोग्य. शिक्षक कोण असावा, याविषयी तर ते फार स्पष्ट आहेत. तो शक्यतो कष्टकरी शेतकरी वर्गातला असावा, त्या लोकांत मिसळणारा असावा आणि वेळ पडली तर नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस हातात धरायला लाजणारा नसावा, असे त्यांचे म्हणणे होते.

हे वाक्य साधे नाही. 'हाताने शिकणे' या कल्पनेचे पाश्चात्त्य देशांतले प्रवर्तक म्हणून पेस्टालोझी आणि फ्रेबेल यांची नावे अध्यापक विद्यालयात पाठ करून घेतली जातात. जोतीराव त्यांच्याही पुढची गोष्ट सांगत होते. मुलाच्या हातात वस्तू द्या, एवढ्याने भागत नाही. आधी शिक्षकाचा हात कसला आहे ते पाहा. ज्या हाताला काम हीन वाटते, तो हात मुलाला काडी देईल खरा, पण ती वरून टाकून देईल.

'वरून टाकणे' हा शब्दप्रयोग मी अलंकार म्हणून केलेला नाही. बाबासाहेबांनी आपल्या शाळेच्या आठवणी लिहून ठेवल्या आहेत. वर्गात बसायला घरून गोणपाट न्यावे लागे, ते कोपऱ्यात वेगळे अंथरावे लागे आणि सुटताना पुन्हा घरी आणावे लागे, कारण झाडणारा नोकर त्याला शिवत नसे. शिपाई नसेल तर पाणी नाही. पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलात असताना फळ्यावर गणित सोडवायला त्यांना बोलावले गेले, तेव्हा फळ्यामागे ठेवलेले जेवणाचे डबे उचलायला सवर्ण मुलांची एकच धावपळ उडाली, असे त्यांच्या चरित्रात नमूद आहे. त्या मुलाला ते गणित येत होते. वर्गाचे लक्ष मात्र डब्यांकडे होते.

माझी आठवण याहून फार लहान आहे, पण विषयाला धरून आहे म्हणून सांगतो. मी पहिलीत होतो तेव्हा १९५५ चा अस्पृश्यता गुन्ह्यांचा कायदा होऊन सहा-सात वर्षे झाली होती. आमच्या गुरुजींनी मोजायला शिकवण्यासाठी चिंचोक्यांची एक पिशवी ठेवलेली होती. ते काही वाईट शिक्षक नव्हते. काठी क्वचितच उगारत. ते प्रत्येकाच्या ओंजळीत दहा-वीस चिंचोके मोजून घालीत. भिंतीकडेच्या आमच्या ओळीपाशी आले की म्हणत, "तुम्ही ओढ्यातले खडे आणा रे." पाटीही ते दुरून पाहत, आम्ही ती उंच धरायची. आम्ही चौघे ओढ्याकडे पळायचो. खड्यांना तोटा नव्हता. त्यामुळे इतर मुले विसाच्या आत घुटमळत होती तेव्हा आम्ही शंभर खड्यांच्या रांगा लावत होतो. गुरुजींच्या हे कधी लक्षात आले की नाही, मला माहीत नाही. पुढे शिक्षक झाल्यावर वर्गात खडे काढले की मला तो ओढा आठवायचा आणि हातही थोडा आखडायचा.

१२ मार्च १९२७ रोजी मुंबई कायदे मंडळात शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना बाबासाहेबांनी एक हिशेब मांडला होता. प्राथमिक शाळेत नाव घातलेल्या शंभर मुलांपैकी फक्त अठरा चौथीपर्यंत पोचतात. उरलेली ब्याऐंशी पुन्हा निरक्षरतेत जातात. महाडच्या सत्याग्रहाला तेव्हा आठवडाभरच अवकाश होता. तळ्याच्या पाण्याचा लढा आणि ही ब्याऐंशीची बेरीज एकाच महिन्यातली आहे, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. ब्याऐंशी का गळाली? दारिद्र्य हे पहिले कारण. गुरे राखणारे, धाकटे भावंड सांभाळणारे पोर शाळेत टिकत नाही. पण वर्गातले शिक्षणही या गळतीला हातभार लावत होते. घरी कोणी पाढे म्हणत नाही, त्याला पाठांतराच्या शाळेत पहिल्याच वर्षी 'ढ' चा शिक्का बसे. ज्याची आई पाचुंदे मोजते, त्याला पाच पाचांचे किती येत नाही असे मानले जाई. येत होते. ते त्याला पेंढ्यांत येत होते, पाढ्यात येत नव्हते.

या काळात आपल्याच माणसांनी शाळा चालवल्या, त्यांची नोंद अजून तुटक आहे. नागपूरच्या जाईबाई चौधरींचे उदाहरण घ्यावे. डोक्यावर ओझी वाहणारी ही हमाल बाई एका मिशनरी बाईच्या मदतीने शिकली, शिक्षिका झाली. अस्पृश्य बाई शिकवते म्हणून सवर्ण पालकांनी गदारोळ केला आणि ती नोकरी गेली. मग १९२२ मध्ये तिने स्वतःच नागपुरात मुलींसाठी संत चोखामेळा यांच्या नावाने शाळा काढली. जोतीरावांनी चाळीस वर्षांपूर्वी मागितलेला शिक्षक तो हाच. आयोगाने तो दिला नाही. वस्तीने आपल्यातून घडवला.

दुसरीकडे शहरी पांढरपेशा वर्गात बालशिक्षणाची चळवळ उभी राहत होती. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला. १९३९ मध्ये माँटेसोरीबाई स्वतः भारतात आल्या. सोनेरी मण्यांची दशके, रंगीत दांडे, खरबरीत कागदाचे अंक ही त्यांची साधने सुंदर आहेत, पण महाग. ती ज्यांच्या घरी गालिचा होता त्यांच्या मुलांपर्यंत पोचली. ताराबाईंचे मोठेपण असे की त्यांना हे बोचले. १९४५ मध्ये त्या बोर्डीला आल्या. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. मध्यवर्ती बालवाडीत हरिजनवाड्यातली मुले येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच वाड्याच्या अंगणात नेली. शंख, शिंपले, बिया, पाने ही साधने झाली. 'अंगणवाडी' या शब्दाचा हा उगम आहे आणि १९७५ च्या एकात्मिक बालविकास योजनेमुळे तो देशभर गेला. पुढे १९५७ पासून कोसबादला गुरे राखणाऱ्या आदिवासी पोरांसाठी त्यांनी कुरणशाळाही भरवल्या.

या कामावर आपल्याकडून दोन तऱ्हेने अन्याय होतो. काही जण ते दयाबुद्धीचे म्हणून बाजूला सारतात. काही जण त्याची आरती करतात. 'हरिजन' या शब्दामागची वृत्ती आपल्याला मान्य नाही आणि वाड्यातली मुले मध्यवर्ती बालवाडीत का येईनात, या प्रश्नाचे पुरे उत्तर त्या चळवळीने जातीच्या अंगाने शोधले, असे मला वाटत नाही. तरीही शाळेने मुलाकडे चालत जायचे, ही दिशा शतकानुशतकांच्या दिशेच्या उलट होती. मुलाच्या अंगणातली बी हे गणिताचे साधन मानले गेले, हेही तितकेच महत्त्वाचे.

मी वर्गात जे केले ते फारसे वेगळे नव्हते. फक्त दहाच्या गठ्ठ्याकडे मी पाचुंद्यावरून गेलो. तुरीच्या काड्या, पाचांची जुडी, दोन जुड्यांचा एक गठ्ठा. गठ्ठा दोरीने आवळताना मुलाला दशक हाताला लागते. सोडताना 'हातचा' म्हणजे काय ते कळते, कारण दहा सुट्या काड्या खरोखरच हातात येतात. अंगणात चुन्याने रेषा आखून उड्या मारल्या. मापट्याने माती मोजली आणि पहिल्या मापाला 'लाभ' म्हटले. तेव्हा मुले हसली, मग एक जण म्हणाला, "आमची आजी असंच म्हणते." आजी वर्गात आली ती अशी.

अंकांच्या नावांचा त्रास मात्र काड्यांनी सुटत नाही. एकोणसत्तर म्हटले की मूल सत्तरकडे धावते. पंचवीस लिहिताना आधी पाच लिहिते, कारण तोंडात पाच आधी येतो. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात जुन्या नावांबरोबर 'वीस एक, वीस दोन' अशी वाचण्याची रीत दिली गेली. गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर यांनी जोडाक्षरांचा आणि उलट्या क्रमाचा मुलांना होणारा त्रास समजावून सांगितला. दाक्षिणात्य भाषांत मोठा अंक आधी बोलतात, हेही सांगितले. महाराष्ट्रात गदारोळ झाला, विधानसभेत विनोद झाले, भाषा बुडाली अशी ओरड झाली. त्या वादात एक गोष्ट कोणी बोलल्याचे माझ्या ऐकण्यात नाही. 'दोन विसा नि पाच' यात मोठा अंक आधीच येतो. ज्या क्रमाला मराठीवरचा आघात म्हटले गेले, तो क्रम खळ्यावरच्या बायांच्या तोंडी पिढ्यानपिढ्या होता. तीही मराठीच होती. पण पुस्तकाची मराठी कोणाची आणि खळ्याची कोणाची, हे आपण जाणतो.

आज अनेक शाळांत गणिताची पेटी आलेली आहे. कित्येक ठिकाणी ती कपाटात कुलूपबंद असते. तपासणीच्या दिवशी बाहेर निघते आणि मणी हरवतील म्हणून मुलांनी ती लांबून पाहायची असते. मी अशी पेटी पाहिली की मला दुरून पाहिलेली पाटी आठवते. कारण वेगळे, अंतर तेच.

१९८५ च्या सुमाराची गोष्ट आहे. दुष्काळी भाग, रोजगार हमीवर रस्त्याचे काम चालू. वर्गात चिंचोके आणायला सांगितले होते. दुसरीतल्या एका मुलीने छोट्या डबीत चिंचोके आणले आणि ते इतरांच्यात मिसळू देईना. विचारले तर म्हणाली, आई कामावरून आली की रोज एक टाकते. मी म्हटले, मोज. तिने पाच-पाचाचे दोन पाचुंदे लावले, वर दोन उरले. बारा. दुसऱ्या दिवशी तिची आई शाळेच्या दारात उभी होती. हातात पगाराचे पैसे, हजेरीपटावर भरलेले दिवस दहा. पोरगी बारा म्हणते, खरे काय, असे ती मला विचारत होती. मी तिच्याबरोबर कामावर गेलो. मुकादम आधी हसला. चिंचोक्याचा कुठे हिशेब असतो होय, म्हणाला. मुलीने डबी त्याच्यापुढे दगडावर उपडी केली आणि पुन्हा मोजू लागली. या वेळी एकेका चिंचोक्यावर बोट ठेवून ती त्या दिवशीचे काम सांगत होती: या दिवशी खडी फोडली, या दिवशी मुरूम वाहिला, या दिवशी पाऊस आला तरी दुपारपर्यंत काम झाले. आजूबाजूच्या बायांनी टोपल्या खाली ठेवल्या. अकराव्यावर मुकादमाने हजेरीपट पुन्हा उघडला.